गडग्यापलीकडची निळी रेघ

वाटणीत दादाला दर्याकडची बाजू गेली, मला रस्त्याकडची. तेही मी गिळलं असतं. पण त्याने मध्ये पुरुषभर उंचीचा चिऱ्याचा गडगा घातला आणि माझ्या पडवीतून दिसणारा समुद्र गेला. कसालच्या बाजारात जमिनीवर बसून काजू विकण्यापासून सुरुवात केली आणि हे घर बांधलं, ते त्या समुद्रासाठी. गडग्यावरून आमचं असं वाजलं की बोलणंच बंद झालं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वरच्या खोलीत इटलीची एक चित्रकार बाई राहायला आली. पडवीत बसून ती आठवणीतून आपलं गाव रंगवायची. जाताना ते चित्र तिने स्वतःच माझ्या भिंतीवर टांगलं. मी सवयीने विचारलं, "केवढ्याला?" ती हसली, हात जोडले आणि रिक्षात बसली. घासाघीस न करता माझ्या घरात आलेली ही पहिलीच वस्तू. साहजिकच मला संशय आला.

नाक लावून पाहिलं. मातकट पिवळ्या रंगाचे जाड फटकारे, एक काळपट ठिपका, मध्येच सुरीने खरवडल्यासारखं काहीतरी.

बायको म्हणाली, "अवो, बांगडो नाय तो! कल्ले कसले बघतास? मागे सरा."

मागे सरलो, तर फटकाऱ्यांचं शेत झालं. खरवडलेल्या जागी ऊन पडलं, ठिपक्याचं झाड झालं. चित्रात माणूस नाही, पण आत्ताच कुणीतरी काम आटोपून घरी गेलंय असं वाटतं. सगळा माल खपल्यावर रिकाम्या बाजारातून निघताना मला वाटतं तसं. शेताच्या टोकाला बुटकी दगडी भिंत, आणि तिच्यावर रुंद ब्रशच्या एकाच ओढीत समुद्राची निळी रेघ. शेवटी ब्रश कोरडा पडलाय, खालचं पांढरं दिसतं. बाईने ते भरून का काढलं नाही, असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, पाण्यावरचा उजेड तोच.

रोज सकाळी चहा घेऊन मी चित्रासमोर बसू लागलो. एकदा ती रेघ तळहाताने झाकून पाहिली. चित्राचा जीवच गेला.

बातमी वाडीभर झाली. एक दिवस दादा दारात. माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाला, "गो, ती बाई काय ठेवन गेली ता बघूक इलंय."

तो चित्राजवळ गेला आणि आपणहून मागे सरला. "उजेड बघ काय पडलो आसा!"

मी पुढे झालो आणि रेघेवर हात ठेवला.

"हात काढ रे."

"तू गडगो काढ."

तो पोट धरून हसला. "एक थर काढतंय."

"चार."

"चार काढलंय तर गुरां आत येतली!"

"गुरां खंय आसत तुझ्याकडे? तीन."

"दोन. आणि चाय पाज."

चहा पाजला, पण तिनावर आणूनच.

चिरे त्याने स्वतः उतरवले, मी वाहिले. आता खुर्चीत बसलो की भिंतीवर एक रेघ आणि गडग्यावर दुसरी. दुसरीतून होड्या जातात. आणखी एक थर गेला तर किनाराही दिसेल. बोलणी चालू आहेत.