अधिक महिन्यातला कॅमेरा

फोटोचं वेड मला साठीनंतर लागलं, आणि ते लावलं नदीने. सोमेश्वरच्या बाजूला आम्ही चौघीजणी सकाळी चालायला जातो. बाकीच्या तिघी गुडघ्यांवर बोलत पुढे जातात, मी मागे राहते. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या बसलेला असतो. मी मोबाईल काढते, बोटांनी चित्र मोठं करते, आणि घरी येऊन बघावं तर निळा डाग. पक्षी नाहीच, नुसता डाग. असे वर्षभर डाग गोळा केले आणि मग ठरवलं, आपण खरा कॅमेरा घ्यायचा, लांबचं दिसणाऱ्या लेन्सचा.

पैसे माझे होते. वीस वर्षं सातपूरच्या कामगार पोरांना पोळीभाजीचे डबे दिलेत मी, त्यातून बाजूला टाकलेले. त्यामुळे कुणाकडे मागायचं नव्हतं, फक्त निवडायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, तोवर मी आपल्या मनाने एक वस्तू निवडलेली नव्हती. फ्रीज यांनी आणला, टीव्ही मुलीने सांगितला तो घेतला, भिंतींचा रंग रंगाऱ्याने ठरवला. माझ्या साड्यासुद्धा अर्ध्याअधिक जाऊबाईंच्या पसंतीच्या. म्हटलं, हा कॅमेरा तरी आपल्या पसंतीचा.

दुपारी ओटा आवरला की मी व्हिडिओ बघायला बसायचे. दहावीपर्यंत शिकलेली बाई मी. अॅपर्चर हा शब्द तोंडात बसायला आठवडा गेला. अर्थ मात्र पटकन कळला, कारण खिडकीची फळी किती उघडली की स्वयंपाकघरात किती उजेड येतो, हे मी रोजच बघते. सगळं वहीत लिहायचे. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असतो तो, त्यातून डोळ्याला खरोखरचं समोरचं दिसतं. आता बिनआरशाचे निघालेत, पण ते महाग, आणि मला तो आरसाच आवडला होता.

माझी खरी अडचण वजनाची. लाटणं फिरवून फिरवून उजव्या हाताचा अंगठा गेलेला. म्हणून मी पाऊण किलो साखर पिशवीत बांधली आणि डोळ्यासमोर धरून उभी राहायला लागले. घड्याळ लावून, दोन मिनिटं.

हे आले आत. "अगं, साखरेचा फोटो काढतेस की साखरेला दाखवतेस तोंड?"

"अंदाज घेतेय. पेलतं का बघतेय."

"पेललं तर पेढे कर," म्हणाले आणि पेपर घेऊन बाहेर गेले.

पाऊण किलो पेलत होतं. एक किलोला हात थरथरायचा. वहीत तसं लिहून ठेवलं.

मग कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात गेले. एकटी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "नातवाला द्यायचाय का, मावशी?"

"नाही. मला."

"मोबाईल चांगला दाखवू का एखादा? त्यातही मस्त येतात हल्ली."

मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोन पानं वाचली, मग खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि तीन कॅमेरे काढले. तिसरा हातात घेतला आणि काय सांगू, पोळपाटावर हात जातो ना न बघता, तसं माझं बोट बटणावर गेलं. सगळ्यात साधा, सगळ्यात छोटा होता तो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखून मी बटण दाबलं. आत आरसा वर उचलून खाली पडला, त्याचा तो खट् आवाज माझ्या गालाला लागला.

"हाच," मी म्हणाले. "बाजूला ठेवा. अधिक संपला की येते न्यायला."

इथे माझं चुकलं. पैसे पर्समध्ये होते, निघून यायला नको होतं. पण आमच्याकडे अधिक महिन्यात नवी वस्तू घरात आणत नाहीत. लहानपणापासून तेच बघितलेलं. एक महिना तर थांबायचं, असं म्हटलं मी.

आणि त्याच महिन्यात धोंड्याचं जेवण आलं. अधिकात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला नारायण मानून पाटावर बसवायचं, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. मी पाय धुतले जावईबापूंचे, गंध लावलं, पुरणाचे धोंडे वाढले. जावई आमचे अंबडला कंपनीत आहेत आणि सुटीच्या दिवशी लग्नाच्या ऑर्डरी घेतात, फोटोच्या. म्हणून यांनी पंगतीतच विषय काढला. "हिला कॅमेरा घ्यायचाय. तुम्ही त्यातले. जरा सांगा."

"कुठला बघितलात, आई?"

मी नाव सांगितलं. ते हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतात तसं.

"अहो आई, ते खेळणं आहे. असं करा, माझा घ्या. मी आता बिनआरशाचा घेतोच आहे. एक नंबर बॉडी आहे, लेन्ससकट देतो. बाहेरच्याला विकण्यापेक्षा घरात राहील. आणि माझा तर जुनाच आहे, म्हणजे अधिकात नवी वस्तू आणली असंही व्हायचं नाही!"

हे खो खो हसले. "बघ, शास्त्रातसुद्धा बसवलं जावईबापूंनी."

मी लेकीकडे बघितलं. ती पानातलं तूप भातात कालवत होती, कालवलेला भात पुन्हा कालवत होती.

मी म्हणू शकले असते की वजन पेलणार नाही. वही आत कपाटात होती, आणून दाखवता आली असती. पण ज्या माणसाचे आत्ताच पाय धुतले, त्याला त्याच पाटावर नाही कसं म्हणायचं? माझ्या तोंडून गेलं, "तुम्ही म्हणाल तसं." दुकानात जे पैसे द्यायचे ते मी पाकिटात घालून, वर कुंकवाचं बोट लावून त्यांच्या हातात दिले. दुकानदाराला फोन करायचीसुद्धा लाज वाटली, तो केला नाही.

कॅमेरा आला. दीड किलोच्या वर. गळ्यात घातला की मान खाली जायची. लेन्स लग्नातली, जवळच्या माणसांची. नदीपलीकडचं त्यात मोबाईलइतकंच लांब राहिलं. तरी मी नेला. कठड्यावर टेकवून काढले फोटो. बगळ्याचे काढले, पाणकावळ्यांचे, धुणं धुणाऱ्या बायकांचे. दिवाळीनंतर फोटोच्या खालच्या बाजूला काळा पट्टा यायला लागला. मला वाटलं, माझंच बोट येतंय मध्ये. पंधरा दिवस मी बोटं सांभाळत होते.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने वायर जोडली, पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "कुणाकडून घेतलात?"

"घरातल्यांकडून."

"आतलं उघडझाप करणारं शटर संपलंय. लाखावर फोटो झालेत याच्यावर. लग्नवाल्यांचे असेच येतात माझ्याकडे, विकायच्या आधी दाखवायला." मग माझ्या तोंडाकडे बघत त्याने गळ्यात घालायचा पट्टा उलटा केला. "हा कॅमेरा आला होता एकदा. पट्ट्यावर माझंच स्टिकर आहे, बघा."

म्हणजे जावईबापूंना माहीत होतं. धोंडे खाताना माहीत होतं.

घरी मी कुणाला काही बोलले नाही. पुढच्या रविवारी लेक आली. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो आणि मला राहवलं नाही. सांगितलं.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं, आई."

"कधीपासून?"

"आधीपासून. दुरुस्तीवाल्याकडे मीच गेले होते त्यांच्याबरोबर."

"आणि जेवताना बोलली नाहीस?"

"तू पाय धुवून बसवलेलंस त्यांना. बाबा हसत होते. मी काय बोलणार होते? आणि तूही 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालीस." तिने दुसरी जुडी सोडली. "घरी गेल्यावर म्हटलं मी त्यांना. ते म्हणाले, आईंनी स्वतः हो म्हटलंय, मी जबरदस्ती केली का?"

जबरदस्ती नाहीच केली. इतकी वर्षं या मुलीला मी हेच सांगत आले, की सासरच्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावायचं नसतं. ती शिकली. मेथीच्या काड्यांचा ढीग झाला, पानं थोडी झाली.

खाली हॉर्न वाजला. ती हात धुऊन उतरली. मी गॅलरीत गेले. जावईबापूंनी हेल्मेटची काच वर केली, हात हलवला. "काय आई, कसा चाललाय कॅमेरा?"

शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. समोरच्या इमारतीतले काका खाली उभे होते.

"छान चाललाय," मी म्हणाले.

लेक मागे बसली. तिने वर बघितलं नाही.