कानवाल्या बाईंची फेरतपासणी

मुलं त्यांना कानवाल्या बाई म्हणायची, आणि त्याही अशा हाकेला हसून 'ओ' द्यायच्या. शाळाशाळांत जाऊन मुलांचे कान तपासणं हे त्यांचं काम. मुलाच्या कानांवर मोठा हेडफोन चढवायचा, लॅपटॉपमधून बारीक-जाड आवाज सोडायचे, ऐकू आला की मुलानं हात वर करायचा. बावीस वर्षं हेच केलं, पण कंटाळा म्हणून कधी दिसला नाही.

त्या आमच्या शाळेत आल्या तेव्हा मी तिसरीला शिकवत होते. वाचनालयाची खोली आम्ही त्यांना मोकळी करून दिली. पहिल्याच दिवशी माझ्या वर्गातली सात मुलं नापास झाली. त्यात आमची चिमणी! ही पोरगी मी फळ्याकडे तोंड करून पुटपुटलेलंसुद्धा टिपायची. तिला जाड आवाज ऐकू येत नाहीत, असा कागद आला. न्यायला आलेली तिची आई तो वाचून शाळेच्या पायरीवरच बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप तापून आपोआप बंद पडला. बाईंनी पंधरा-वीस मिनिटं तो खिडकीत निवत ठेवला आणि पुन्हा सुरू केला. त्यानंतरची तिन्ही मुलं फटाफट पास झाली. चौथं अडखळलं. मी नेमकी पुढच्या मुलांना घेऊन आत आले होते. बाईंनी खुणेनं आम्हाला गप्प केलं.

"ऐकू येतंय?"

"काय?"

"हा पंखा."

खरंच, लॅपटॉपचा पंखा चांगलाच घरघरत होता. इतका वेळ कानावर पडत होता, पण लक्षात आला नव्हता.

"जाड आवाज यात बुडतायत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी लॅपटॉप उचलला. खाली चौपदरी टॉवेल होता. "हा मीच घातला हो. महिना झाला. टेबलावर थरथरतो म्हणून. खालची जाळी पार गुदमरली. म्हणून तापतोय, आणि तापतोय म्हणून पंखा आणखी पळतोय."

चेहरा उतरला होता, पण हात थांबले नाहीत. टॉवेल पिशवीत गेला. हवा खेळावी म्हणून लॅपटॉपच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली खोडरबरं आली. मशीन बंद करून त्यांनी मऊ ब्रशनं जाळी झाडली, तर धुळीचा चक्क बोळा निघाला. विनाकारण चालू राहणारे चार प्रोग्रॅमही बंद केले. तिसऱ्या दिवशी लांब वायर आणून मुलाची खुर्ची लॅपटॉपपासून दूर, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. आधी स्वतः हेडफोन लावून बसल्या, आणि मगच नापास झालेल्या सातही मुलांना पुन्हा बोलावलं, चिमणीला सगळ्यांत आधी.

तिचा हात प्रत्येक आवाजाला वर गेला. "परवा एवढं सोपं का नव्हतं?" तिनं विचारलं.

"परवा मी चुकले होते," बाई म्हणाल्या. "तुझे कान चांगले आहेत."

लहान मुलापुढे असं सरळ कबूल करणारं मोठं माणूस मी फार कमी पाहिलंय.

पण आमच्याआधीच्या दोन शाळांतही तोच टॉवेल होता. तिथली त्रेचाळीस मुलं नापास झाली होती. बाईंनी त्यांच्या वरच्या साहेबांना स्पीकरवर फोन लावला, तेव्हा मी समोरच होते.

"अहवाल वर गेलेत. आता कशाला उकरून काढता? नाव तुमचंच खराब होईल," साहेब म्हणाले.

"माझंच ना? मग होऊ दे, साहेब."

साहेबांचा नाइलाज झाला. बाईंनी स्वतःची रजा टाकली आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मुलं पुन्हा तपासली. प्रत्येक घरी स्वतःच्या अक्षरात पत्र पाठवलं. त्यातल्या एका मुलाचे वडील तिथल्या शाळेत येऊन तावातावानं बोलले, "तीन आठवडे आमच्या घरात कुणाला झोप नाही!" बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. जाताना तो माणूस हात जोडून गेला.

अडतीस मुलांचे कान ठणठणीत निघाले. पाच जणांना मात्र खरंच त्रास होता. त्यांना बाई स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यातल्या एका मुलीला कानात मशीन बसवावं लागलं. ते लावून ती पहिल्यांदा वर्गात आली, त्या दिवशी कानवाल्या बाई सकाळभर तिच्या शेजारी, त्या इवल्याशा बाकावर गुडघे दुमडून बसल्या होत्या, असं तिथल्या मास्तरांनी मला सांगितलं.