राखणदाराची भाषा

"येऊ का?" असं मावशी विचारायच्या, पण मला नाही. दाराबाहेर उभ्या राहायच्या, चपला पायातच, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला आणि नजर माझ्या डोक्यावरून वर, चौकटीकडे. त्या घराला विचारत. मी समोरच बसलेली असायचे. "या की मावशी, कितीदा विचारता?" म्हणायचे. तेवढ्यानं भागायचं नाही. मावशी क्षणभर थांबत, आतून कुणीतरी काही बोललं असावं तशी मान हलवत आणि मगच चपला काढत.

देवळाच्या पायरीला हात लावणारी माणसं तुम्हीआम्ही रोज पाहतो. मावशी एसटीच्या पायरीलाही हात लावत. झऱ्यावर वाकताना "घेती हां थोडं" म्हणत. परक्या बांधावर पडलेली चिंच उचलायची तरी आधी बांधाला सांगत. कुणी हसलं तर त्यांचं एकच उत्तर असे, "जागा कुनाची तरी असतीच की."

माझं घर किकवीत, हायवेपासून जरा आत. बरीच वर्षं मी एका कारखान्यात जपानी साहेबांची दुभाषी होते. सासूबाईंचं दुखणं निघालं तशी नोकरी सुटली आणि मी बाहेरच्या खोलीत जपानीचे वर्ग सुरू केले. हल्ली आपल्याकडची पोरंपोरी तिकडे कामाला जातात. त्यांना नमस्कारापासून सगळं शिकवावं लागतं. बोलणं म्हणजे माणसाचं माणसाशी, अशी माझी पक्की समजूत होती. आता मी ते इतक्या ठामपणे सांगत नाही.

मावशी पासलीच्या. वेल्ह्याच्या डोंगरातलं भातशेतीचं गाव. नवरा मागेच गेलेला, लेक सारोळ्यात दिलेली आणि मुलगा जपानला, एका डोंगराळ गावातल्या भाजीच्या मळ्यावर कामाला. एका हिवाळ्यात कामावरून परतताना बर्फावरून त्याची सायकल घसरली आणि एका वळणावरून तो खाली नदीत गेला. त्याला अग्नीही तिकडेच दिला. अस्थींचा डबा घेऊन मळ्याकडची दोन सभ्य माणसं पासलीला आली, वाकली, चहा न घेता गेली. वर्ष होत आलं तसं मळेवाल्यांनी घरच्या माणसांना तिकडे बोलावलं. मावशी आणि जावई असे दोघं जाणार होते.

लेक त्यांना माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "ताई, आईला जरा चार वाक्यं शिकवा. अडीनडीला असलेली बरी."

मी नेहमीच्या वाक्यांनी सुरुवात केली. पाणी द्या, चहा चालेल, थंडी वाजते, अमुक ठिकाण कुठं आहे. मावशी चटईवर मांडी घालून शांतपणे ऐकत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे समदं जावई बगतील, बाई. तहान लागली तर म्या हातानं दावीन. मला माजं शिकवा."

"तुमचं म्हणजे?"

"तितल्या राखनदाराला काय म्हनायचं, ते."

मी खडू खाली ठेवला. शिवाराला राखणदार असतो, रानातून काही न्यायचं तर त्याला सांगून न्यायचं, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. पण मावशींच्या घरची रीत त्याच्याही पुढची होती. घरचं माणूस परक्या शिवेत अचानक वारलं तर कुणीतरी तिथं जायचं, तिथल्या राखणदाराची परवानगी मागायची आणि नाव घेऊन त्या माणसाला घरी बोलवायचं. मग वाटेत प्रत्येक वळणावर, प्रत्येक पुलावर त्याला "चल रं" म्हणत घरापर्यंत आणायचं. त्यांच्या चुलत सासऱ्यांना घाटाखालून असंच आणलं होतं म्हणे.

"डबा आला, पन पोरगं न्हाई आलं," मावशी म्हणाल्या. "सपनात येतं. आमच्या बांधाच्या पल्याड उबं ऱ्हातं. ये की रं म्हनलं तर खाली मान घालतं. तितनं कुनी सोडल्याबिगर कसं येईल? लई रीतीचं पोरगं माजं."

मला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं. मी म्हटलं, "मग मराठीतच सांगा ना मावशी. देवाला सगळ्या भाषा कळतात."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "देवाला कळत असतील. राखनदार गावचा असतो. तुमच्या किकवीच्या राखनदाराला जपानी येती का?"

मी कधी विचारलं नव्हतं. गुपचूप त्यांच्यासाठी वाक्यं जुळवायला बसले. सुमिमासेन, म्हणजे माफ करा. उचि नो को देस, आमचं पोरगं आहे. मुकाए नि किमाश्ता, घ्यायला आले. त्सुरेते काएरिमास, घेऊन घरी जाते. मावशी लिहून घेत नव्हत्या. ओव्या पाठ करायची सवय असलेलं डोकं, एकेक वाक्य जात्यात घास टाकावा तसं टाकत आणि दळून होईपर्यंत दुसरं घेत नसत.

एक वाक्य मी आपणहून जास्तीचं दिलं. कुणाच्या घरात शिरताना जपानी माणसं ओजामा शिमास म्हणतात. म्हणजे, तुमच्या घरात जरा अडचण करते. घरचं माणूस म्हणतं, दोझो. म्हणजे, या.

"परत्येक येळी म्हनत्यात?"

"प्रत्येक वेळी."

"म्हंजे शानी मानसं हायती," मावशी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "पोरगं बऱ्या ठिकानी व्हतं म्हनायचं."

त्या दिवसापासून आमच्या दारातलं "येऊ का" संपलं. मावशी चौकटीकडे बघून ओजामा शिमास म्हणत आणि मी आतून दोझो म्हणेपर्यंत चपला काढत नसत. कधी मी स्वयंपाकघरात असले तर भाजी करपू देऊन मला बाहेर यावं लागे. माझ्या विद्यार्थ्यांना याची फार गंमत वाटायची.

सारोळ्याहून लेकीचा फोन आला. "ताई, आई नीरेच्या पुलावर उभी ऱ्हाऊन नदीला जपानी म्हणून दाखवते. लोक बघतात ओ." मधेच मावशी पासलीला जाऊन आल्या, तर स्वतःच्या शेताच्या राखणदारालाही सगळं ऐकवून आल्या. मला म्हणाल्या, "आमच्याला सांगून ठिवलंय. परक्या भाषेत बोलती म्हून रुसू नगंस. पोराला आत घ्यायचं काम तुजंच हाय." हे मी घरात हसत हसत सांगायला लागले आणि मधेच सोडून भांडी घासायला उठले.

तेव्हापासून माझ्याही डोक्यात ते बसलं. "घ्यायला आले" हे वाक्य आमच्या पुस्तकात विमानतळाच्या धड्यात येतं. साहेबांना घ्यायला आले, पाहुण्यांना घ्यायला आले. मुलं एका सुरात ते म्हणायला लागली की माझ्या अंगावर काटा यायचा. वाटायचं, खिडकीबाहेर, कुंपणाच्या पलीकडे, कुणीतरी खाली मान घालून उभं आहे आणि आपलं नाव यायची वाट बघतंय. मी खिडकी लावून घेत असे. उकडतं म्हणून मुलं कुरकुर करायची.

मावशी गेल्या आणि परत आल्या. काही दिवस काहीच कळलं नाही. त्यांना वाटेत मुलाशीच बोलत यायचं असणार, घरी गेल्यावर त्याचं करायचं असणार, म्हणून मीही फोन केला नाही. मग एका सकाळी दारातून आवाज आला, "ओजामा शिमास." मी दोझो म्हटलं. मावशी आत येऊन बसल्या. माझ्यानं राहवलं नाही, विचारलं, "आणलंत?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या.

जावयांनी मोबाईलवर दिलेला फोटो त्यांनी मला दाखवला. डोंगरातलं वळण, लोखंडी कठडा, खाली नदी. कठड्याला लागून गुडघ्याएवढी दगडी मूर्ती, गोल डोक्याची, मिटल्या डोळ्यांची, गळ्यात लाल कापड बांधलेलं. तिकडे रस्त्याकडेला अशा मूर्ती असतात, वाटसरूंची आणि लेकरांची राखण करणाऱ्या. मूर्तीपुढे एक संत्रं आणि दुधाच्या कॉफीचा डबा ठेवलेला. वळणाच्या वर एक घर आहे, तिथली म्हातारी रोज येऊन हे ठेवते. मुलगा जातायेता तिला हाक मारायचा, तिच्या चुलीची लाकडं आत नेऊन द्यायचा.

"कापी त्याला आवडायची, हे तिला ठावं व्हतं," मावशी म्हणाल्या. "मला न्हवतं, बाई. हितं तर च्या बी अर्दाच प्यायचा."

मग सावकाश त्यांनी पुढचं सांगितलं. "म्या सुमिमासेन म्हनलं. आमचं पोरगं हाय म्हनलं. घ्यायला आले म्हनलं. आन् ते फडकं बगितलं. नवं व्हतं. तिनं हातानं शिवलेलं. फुडचं तोंडातनं निगंचना. एवडी राखन चाललीया त्याची, आन् म्या उचलून आनू? ती म्हातारी माजा हात धरून उबी. म्या आरिगातो म्हनलं, उपकार झालं म्हनलं, आन् माघारी फिरले."

"आणि स्वप्नात?"

"आता बांधावर कुनी न्हाई."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की त्यांना बरं वाटत होतं की वाईट, मला कळेना. मला मात्र रडू आलं. ज्याच्या नुसत्या असण्याला मी घाबरत होते, तो तिथं नाही म्हणताना ती कुंपणाबाहेरची जागा मला आणखीच भीतीदायक वाटली. मावशींनी मोबाईल कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "आता फुडचं शिकवा."

"परत जायचंय?"

"जायाचं हायच की. हितनं सुटले की म्या तिकडंच जानार. तवा संगं जावई नसनार. पानी मागाया बी यायला पायजे."

मी रागावले. असलं अभद्र बोलू नका म्हटलं. मावशी माझा राग निवेपर्यंत फळ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मीच खडू उचलला आणि पहिल्या दिवशी त्यांनी जावयांवर सोडलेली वाक्यं एकेक करून फळ्यावर आली. पाणी द्या. चहा चालेल. थंडी वाजते. हा रस्ता कुठं जातो. मी लाकडं आत नेऊ का. तुमच्या हातचं फडकं छान आहे. जगात दुसऱ्या कुणी प्रवासाची अशी तयारी केली असेल असं मला वाटत नाही. इतर विद्यार्थ्यांना परीक्षा असायची, व्हिसा असायचा, जायची तारीख असायची. मावशींना कसलीच घाई नव्हती आणि तरी त्या सगळ्यांच्या आधी पाठ करून येत.

लेकीकडे असल्या की त्या यायच्या. दर वेळी थोड्या वाळलेल्या. पोटात दुखतं, एवढंच सांगायच्या. पुण्याला दाखवून आणलं, तिथल्या डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं. भातलावणीनंतर मावशी आल्या नाहीत. मी दोनदा सारोळ्याला जाऊन आले. पहिल्यांदा त्यांनी खाटेवरून मला जपानीत चहा विचारला. दुसऱ्यांदा नुसतं हसल्या.

एका दुपारी वर्ग चालू असताना लेकीचा फोन आला. "ताई, आई सकाळपासनं काहीतरी बोलतीय. आमाला काय कळंना. तुमी ऐकता का?" तिनं फोन स्पीकरवर टाकून मावशींच्या तोंडाशी धरला.

आधी पंख्याचा आवाज आला, मग श्वास. मग अगदी स्पष्ट, "ओजामा शिमास."

मावशी थांबल्या. त्यांचं थांबणं मला ओळखीचं होतं. माझ्या दारात कितीदा तरी तशा थांबल्या होत्या. पुन्हा म्हणाल्या, "ओजामा शिमास," आणि पुन्हा थांबल्या. वर्गातली मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. उत्तर मला माहीत होतं, मीच शिकवलेलं. पण ते द्यायचा अधिकार माझा नव्हता. ती जागा माझी नव्हती. त्या वळणावर मी कधी पाऊलही टाकलेलं नाही. तरी त्यांना तसं ताटकळत ठेवणं मला जमेना. मी फोन तोंडाशी घेतला आणि म्हटलं, "दोझो."

पलीकडे पंखा तेवढा फिरत राहिला. मग लेकीचा हंबरडा ऐकू आला.

दहाव्याला मी सारोळ्याला गेले. लेक मला बघून दारातच आली. डोळे सुजलेले, पण बोलताना शांत होती. मी तिला त्या शब्दांचा अर्थ सांगितला. आत यायला विचारत होत्या, म्हटलं. मी "या" म्हणाले.

"ताई, तुमचा आवाज आमी बी ऐकला," ती म्हणाली. "पन तो मागनं आला. त्याच्या आदीच आईनं मान हलवली. हसली बी. आन् एका पायानं दुसरा पाय असा चोळला, आपन चपला काडतो ना, तसा."

बोलून ती बाजूला झाली, मला आत जायला वाट दिली. मी तिथंच उभी राहिले. माझ्या चपला अजून पायातच होत्या.