उदाहरणबाईंचा बंदिस्त वर्ग

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि तिथे शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे उदाहरणबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. फळ्यावर नियम लिहून मोकळं होणाऱ्या मास्तरांचा त्यांना मनस्वी राग. "आधी चालताना बघा, मग का चालतं ते विचारा," हा त्यांचा खाक्या. सॉफ्टवेअर बांधायला जो तयार सांगाडा मिळतो, ज्याला त्या धंद्यात फ्रेमवर्क म्हणतात, तो त्या शिकवायच्या. त्यासाठी खालच्या लाँड्रीवाल्या काकांचं डोकं खाऊन त्यांनी एक झकास उदाहरण बेतलं होतं. कपडा आला, टोकन दिलं, धुतला, इस्त्री झाली, गिऱ्हाईक घेऊन गेलं. त्यात एक मोजा हरवायचाही. "मोजा हरवला नाही तर लोकांना ती लाँड्री वाटणारच नाही," असं काकांनी बजावलं होतं.

फ्रेमवर्कचं एक वाईट असतं. ते बनवणारे लोक स्वस्थ बसत नाहीत. सारखी नवी आवृत्ती काढतात, कालच्या गोष्टीचं नाव बदलतात, परवा दिलेली सोय काढून घेतात. मग काल गुणी मुलासारखं चालणारं उदाहरण आज पडदाभर लाल अक्षरं ओकायला लागतं. काही वर्षांपूर्वी बाईंचं असं भर वर्गात झालं आणि त्यांची पुरती फजिती उडाली. मग त्यांनी काय करावं? वर्गातल्या सगळ्या मशीनवर जुनी आवृत्ती पक्की बसवली, नवीन आपोआप येण्याची वाट बंद केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून त्यांच्या वर्गात कधीच काही मोडलं नाही. बाहेरचं जग कुठल्या कुठे गेलं, लाँड्रीच्या वर मात्र सगळं आलबेल.

बाई कामचुकार होत्या असं कुणी समजू नये. पाया पक्का झाला की नवीन काय, पोरं चार दिवसांत उचलतील, असं त्यांना खरंच वाटायचं. त्यात थोडं तथ्यही होतं. म्हणून तर स्वतःची समजूत घालणं इतकं सोपं गेलं.

त्या वर्षीच्या तुकडीत एक नर्स होती. वर्गात सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. तिची छोटी मुलगी रात्री शेजारणीकडे झोपायची, आणि एकदा झोपेत तिने शेजारणीलाच आई म्हणून हाक मारली. शेजारणीने ते कौतुकाने सांगितलं. सिस्टरच्या काळजात मात्र चर्र झालं. रात्रपाळी सोडायची आणि दिवसाचं काम मिळेल असं काहीतरी शिकायचं, हे तिने त्याच दिवशी ठरवलं. पाळी संपवून ती थेट क्लासला यायची, तोंडावर पाण्याचा हबका मारायची आणि पहिल्या बाकावर बसायची. लाँड्रीचं उदाहरण तर ती डोळे मिटून लिहायला लागली होती. पुढे हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीने तिला परीक्षेला बोलावलं, तेव्हा तिच्यापेक्षा बाईंनाच जास्त आनंद झाला.

ती परत आली तेव्हा वर्गात कुणी नव्हतं. तिने पर्स बाकावर ठेवली.

"मॅडम, हे माझ्याच्याने नाही व्हायचं."

"का? काय झालं?"

"पहिलीच ओळ चालली नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली, तरी लालच. शेजारी बसलेली मुलगी पेपर संपवून चहाला गेली, मी आपली तिथेच."

"ते लोक काय म्हणाले?"

"म्हणाले, विचार नीट करता, पण तयारी कच्ची आहे. महिनाअखेरीला पुन्हा घेणार आहेत, वाटलं तर या. मी कसली जाते? मेट्रनना सांगून आलेय, माझी रात्रपाळी चालूच ठेवा म्हणून."

पहिलीच ओळ म्हटल्याबरोबर बाईंच्या लक्षात आलं. नव्या आवृत्तीत ती ओळच शिल्लक नव्हती. हे सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. "असं खचून कसं चालेल? होईल हो," एवढं बोलून त्या फळा पुसायला लागल्या. फळा आधीच कोरा होता.

रविवारी घरी त्यांनी नवऱ्याचा लॅपटॉप घेतला, त्यावर फ्रेमवर्कची ताजी आवृत्ती घातली आणि ताजी उदाहरणं शोधायला बसल्या. नव्या आवृत्तीवर चालणारी चार चांगली उदाहरणं मिळाली की सिस्टरला बोलवायचं, सराव करून घ्यायचा, आणि जुन्याचा विषयही निघणार नाही, असा त्यांचा बेत होता. पण उदाहरणं मिळतील तर शपथ. अधिकृत संकेतस्थळावर पहिला धडा नवाकोरा आणि पाचवा धडा बाबा आदमच्या काळातला. एका व्हिडिओत एक गृहस्थ बराच वेळ स्वतःचं कौतुक करत होते, आणि मग त्यांनी जे लिहिलं ते चाललंच नाही. सगळीकडे वर ठळक अक्षरांत या वर्षीची तारीख, आणि आत तीच जुनी रद्दी.

संध्याकाळच्या सुमाराला मात्र एक फर्मास उदाहरण सापडलं. मांडणी स्वच्छ, नावं समजण्यासारखी, वर याच महिन्याची तारीख. बाई वाचत गेल्या आणि मध्येच थबकल्या.

"अहो, जरा इकडे या."

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामाचा. हात पुसत आला आणि वाकून बघायला लागला. "लाँड्री? टोकन? अगं, हे तर तुझंच."

"माझंच. मोजासुद्धा आहे."

कधीतरी एखाद्या विद्यार्थ्याने ते इंटरनेटवर चढवलं असणार, तिथून दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने नवी तारीख चिकटवली.

"मग रडवेलं तोंड कशाला करतेस?" नवरा म्हणाला. "जगप्रसिद्ध झालीस की. आता तुझी सही घ्यायला रांग लागेल."

बाईंना हसू आलं नाही. त्या उदाहरणाच्या खाली शिकणाऱ्या लोकांनी लिहिलेलं त्या वाचत होत्या. एकाने लिहिलं होतं, चालत नाही. दुसऱ्याने, माझंही नाही. तिसऱ्याने लिहिलं होतं, एवढं साधंही जमत नाही, बहुतेक मीच मूर्ख आहे. त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं.

बाईंनी लॅपटॉप मिटला आणि उठून गॅलरीत गेल्या. त्यांना स्वतःची शरम वाटली. ती ओळ काढून टाकलीय हे माहीत असलेलं माणूस त्या वर्गात एकच होतं, आणि ते फळा पुसत बसलं होतं.

परत येऊन त्यांनी वेगळ्या रीतीने विचार केला. शिकवणाऱ्यांची उदाहरणं शिळी होतात, कारण एकदा लिहून झाली की ती पुन्हा चालवून बघायला कुणी बांधील नसतं. मग रोज चालवून बघायला बांधील कोण असतं? खुद्द फ्रेमवर्क बनवणारे. नवी आवृत्ती सोडण्याआधी त्यांनाच ती तपासावी लागते, आणि त्या तपासणीसाठी त्यांनी छोटी छोटी उदाहरणं लिहिलेली असतात. त्यातलं एक जरी मोडलं तरी आवृत्ती अडते. बाईंनी फ्रेमवर्कबरोबर सगळ्यांना खुला असलेला तो कप्पा उघडला. आतली उदाहरणं रुक्ष होती, समजावणीचा एक शब्द नाही, नावंसुद्धा धड नाहीत. पण पहिलं चाललं. दुसरं चाललं. बाई चहा करायला उठल्या तेव्हा पंधरावीस चालवून झाली होती.

आता जुन्याचा विषय न काढता सिस्टरला बोलावता आलं असतं. बाई त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलात गेल्या. सिस्टर कपड्यांच्या खोलीत चादरी मोजून घेत होती.

"सिस्टर, तुमची तयारी कच्ची नव्हती," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "मी जुनं शिकवलं तुम्हाला. माहीत असून."

सिस्टरच्या हातातली चादर तशीच राहिली. "किती जुनं?"

"तुम्ही लिहीत होता ना ती ओळ, ती त्यांनी काढून टाकूनही बरीच वर्षं झाली."

"मग मी आले त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"परत आलात त्या दिवशी? धीर झाला नाही."

"आणि शिकवताना?"

"नवीन मला येत नव्हतं. ते वर्गात दिसलं असतं."

सिस्टरने चादरीची घडी घातली, चापून चोपून, गरजेपेक्षा जास्त. "मॅडम, इतके दिवस मी स्वतःला मठ्ठ समजत होते. मुलीला सांगून टाकलं मी, की आईला नाही जमलं. ती म्हणाली, असू दे."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं." तिने चादर ढिगावर ठेवली. "नवीन कुठे मिळेल?"

मग दुपारच्या दुपारी दोघी वर्गात बसल्या. ती रुक्ष उदाहरणं एकेक करून उलगडली, आणि त्यातून सिस्टरच्या ओळखीचं जग उभं केलं. वॉर्ड, खाटा, कुणाला कधी हलवलं, कुणाला घरी सोडलं. बाईंना कितीतरी ठिकाणी उत्तर यायचं नाही. "मलाही माहीत नाही, बघूया," हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना त्यांना घाम फुटला होता. पुढे पुढे सवय झाली. सिस्टर कामापुरतं बोलायची. पूर्वी येताना दोघींसाठी चहा आणायची, तो आता आणत नव्हती. बाईंनीही विचारलं नाही.

महिनाअखेरी तिचा फोन आला तेव्हा बाई जिन्यात होत्या.

"मॅडम, झाला पेपर."

"काही अडलं?"

"अडलं ना. दोन ठिकाणी लाल आलं. घाबरले नाही, फ्रेमवर्कवाल्यांची तपासणीची उदाहरणं उघडली आणि बघून दुरुस्त केलं. बघून लिहिलेलं चालतं, असं कंपनीवाल्यांनी आधीच सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय, एक तारखेपासून दिवसाचं काम. मेट्रनना कळवलंय."

कठड्याला धरून बाई पायरीवरच बसल्या. "मुलीला सांगितलंत?"

"सांगितलं. आईला जमलं म्हणून सांगितलं. आधी का जमलं नव्हतं, तेही सांगितलं."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. फोन ठेवून त्या वर गेल्या. नवी तुकडी येऊन बसली होती. बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर काहीही लिहिण्याआधी सांगून टाकलं, की या वर्गात जे आहे ते जुनं आहे, नवीन त्यांना पुरतं येत नाही, आणि ज्यांना दुसरीकडे जायचं असेल त्यांनी आजच जावं. दोघं उठून गेले. उरलेल्यांसमोर बाईंनी पहिलं मशीन चालू केलं आणि नव्या आवृत्तीची बंद केलेली वाट उघडली.