डिसेंबरचा वेग

चालू मशीनजवळून जाताना ती उलटा हात कॅबिनेटला लावायची. लेकराचा ताप बघतात तसा. मग म्हणायची, "चाललंय ना? मग हात लावू नका."

हे ती गिऱ्हाइकाला सांगायची, आईला सांगायची, आणि खोलीत कुणी नसलं तर स्वतःलाही सांगायची. आख्खी भवानी पेठ तिला अक्का म्हणायची, मीही. तिचं नाव मी लिहिणार नाही. का, ते वाचत गेलात की कळेल.

भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी पालीला भितं, कुणी साहेबाला. अक्का सगळ्यालाच भ्यायची. लाईट गेली की भ्यायची आणि आली की त्याहून जास्त, कारण येताना झटका देते. दार वाजलं की तिचा हात छातीवर जायचा. आणि करायची काय, तर ज्यात पावलापावलाला भीती आहे असलाच धंदा. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचे आणि त्यांवर ॲपलची सिस्टीम बसवायची.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना जे सॉफ्टवेअर लागतं ते ॲपलवरच चालतं, आणि ॲपलचं मशीन परवडणारे सोलापुरात किती, हे मी सांगायला नको. म्हणून ते अक्काकडं यायचे. कंपनीच्या नियमात हे बसत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यामुळं एक दिवस कंपनीची माणसं येणार आणि आपल्याला धरून नेणार, असं ती धरूनच चालायची.

एकदा इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस दारात आला. नुसता पत्ता विचारायला. अक्कानं त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत सांगून टाकलं, "इथं फक्त कडक भाकरी मिळतात."

तो म्हणाला, "बरं झालं. एक पुडकं द्या."

मग मी मागच्या दारानं पळत जाऊन शेजारच्या गल्लीतून भाकऱ्या आणल्या. तो गेल्यावर तिला म्हटलं, "अक्का, कंपनी परदेशात आहे. तिला भवानी पेठ कुठं आहे हेसुद्धा ठाऊक नसेल."

"नसेल की," ती म्हणाली, "पण कुणी सांगितलं तर?"

नवीन मशीनवर सिस्टीम चढवताना काळ्या पडद्यावर पांढरं सफरचंद येतं आणि त्याखाली एक रेघ हळूहळू भरत जाते. ती रेघ अक्काला बघवायची नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

"आलं का गं?"

"अर्ध्यावर थांबलंय, अक्का."

"अय्यो."

बऱ्याच खटपटीनंतर रेघ पूर्ण भरायची. मग वायफाय लागायचं तर आवाज यायचा नाही, आवाज आला तर वायफाय जायचं. ती पुन्हा बसायची. सगळं जुळलं की मशीन पळवायची. प्रोसेसरला कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेग द्यायचा, याला ती पळवणं म्हणायची. एक आकडा वाढव, थांब, ताप बघ, पुन्हा एक. प्रत्येक मशीनचे तिच्याकडं दोन वेग असायचे, मेचा जपून आणि डिसेंबरचा जोरात. सोलापूरच्या मे महिन्यात डिसेंबरचा वेग लावणारा माणूस तिच्या मते वेडा.

त्यात शेजारी टॉवेलचे माग. कापसाची बारीक लव दिवसभर हवेत उडायची आणि मशीनच्या पंख्यात जाऊन बसायची. अक्का रंगाच्या ब्रशनं ती काढायची. तिच्या आईचा, अम्माचा, उपाय जुना होता. जन्म मागाशेजारी गेलेला, त्यामुळं घरातली प्रत्येक वस्तू ती चादरीखाली ठेवायची. शिलाई मशीन, गव्हाचा डबा, टीव्ही. आणि दारात परका माणूस दिसला की हातातलं काम टाकून आधी कॉम्प्युटर झाकायचा. हे अक्कानंच तिला शिकवलेलं, कंपनीच्या भीतीनं.

माझा तिच्याशी संबंध कामाचा. आम्ही कामगारांसाठी पत्रकं काढतो, सभा घेतो. शहराबाहेरच्या एका टॉवेल कारखान्यात दुसऱ्या पाळीच्या बायकांना आत घालून शटरला बाहेरून कुलूप लावत होते. माल चोरीला जातो म्हणून. एकदा आत सुतानं पेट घेतला. बायका शटर बडवत राहिल्या, बाहेरचा वॉचमन चहाला गेला होता. आग आपली आपण विझली म्हणून त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. माणसं कोंडणाऱ्याला रात्री झोप लागते आणि कोंडलेल्या बाईला तोंड उघडायची भीती वाटते, ही व्यवस्था कुणी लावून दिली, असं आम्ही पत्रकात विचारलं होतं. उत्तर कुणी दिलं नाही.

सहा बायका माझ्या मोबाईलसमोर बोलल्या. अट एकच, चेहरा दिसता कामा नये. दिसला तर त्याच दिवशी काम जाणार, आणि त्या पट्ट्यात दुसरा कुणी कामाला घेणार नाही. मी शब्द दिला आणि चित्रण अक्काकडं आणलं.

तिनं पहिल्या बाईचं थोडं ऐकलं आणि थांबवलं. "हे घरात नको बाई. भ्या वाटतंय."

"दुसरीकडं नेऊ?"

ती पडद्यावरच्या बाईकडं वळली. "दुसरीकडं म्हणजे अजून चार डोळे बघणार की. राहू दे इथंच."

मग कितीतरी दुपारी ती चेहरे झाकत बसली. बाई मान हलवायची, पदर सारखा करायची, आणि अक्का त्या हालचालीबरोबर चेहऱ्यावरचं धुकं पुढं सरकवायची. झाकून झालं. आता मशीननं त्याची सलग एक फिल्म करून द्यायची, तेवढंच उरलं होतं. कामगार खात्याच्या साहेबांपुढं आमच्या तक्रारीची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. मेच्या वेगानं संध्याकाळपर्यंत फिल्म तयार झाली असती.

त्याच दिवशी सकाळी फोन आला. सुनावणी आजच, तीन वाजता. मालकाच्या वकिलाला उद्या सवड नव्हती. त्याला सवड नाही म्हणून सगळ्यांनी आज यायचं!

मी अक्काला सांगितलं. ती उठली, मशीन बंद केलं, पुन्हा चालू करताना आकड्यांच्या निळ्या पानावर गेली आणि तिनं डिसेंबर लावला. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. माझी तशी हिंमतही झाली नसती.

"तापलं की मोजायला चुकतं हे," ती म्हणाली. "एखाद्या ठिकाणी धुकं पुसलं जाईल. झाल्यावर पहिल्यापासून बघायचं, पापणी न मिटता."

खिडक्या उघड्या होत्या, बाहेरून मेची झळ येत होती. अक्कानं टेबलफॅन कॅबिनेटच्या तोंडाशी धरला. फिल्म अर्ध्याच्या पुढं गेली, आणि दार वाजलं.

दारात कारखान्याचा मुकादम होता. मी त्याला गेटवर पाहिलेलं. त्यानं मला पाहिलं नव्हतं. आम्ही काही करायच्या आत अम्मानं आपलं काम केलं. पलंगावरची मोठी चादर उचलली आणि टेबलावर टाकली. मशीन, पडदा, टेबलफॅन, सगळं खाली.

"अक्का तुमीच का? हितं कॉम्प्युटरवर पिच्चर बनवता म्हणं," मुकादम आत येत म्हणाला.

"इथं कडक भाकरी मिळतात," अक्का म्हणाली.

"भाकरी?"

"व्हय."

मला हसू फुटायला हवं होतं. फुटलं नाही. अम्माला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं. माणूस भाकरी मागतोय एवढंच तिच्या कानावर गेलं. तिनं ताटलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून त्याच्यापुढं ठेवली. तो खुर्ची ओढून बसला.

त्यानंतरची मिनिटं मला अजून स्वप्नात येतात. तो भाकरी मोडत होता, कडाकड. चादरीखाली पंख्याचा आवाज चढत होता. आधी घरघर, मग शिट्टीसारखा. चादर काढली तर पडद्यावर बाई, कदाचित चेहरा झाकलेली, कदाचित नसलेली. नाही काढली तर मशीन पेटणार, आणि त्यातच मूळ चित्रण. माझ्या मोबाईलमधलं अक्कानंच पुसायला लावलं होतं.

"आमच्या कारखान्यातल्या बायका हितं येऊन गेल्या का?" त्यानं विचारलं. "आपलं सहज इचारतो."

"भाकरीला बऱ्याच बायका येतात."

"आवाज कशाचा येतोय?"

गरम प्लास्टिकचा वास आला. अक्का माझ्याकडं बघत नव्हती, चादरीकडंही नाही. ती भिंतीपाशी गेली आणि तिनं टेबलावरच्या सगळ्याचं बटण बंद केलं. शिट्टी खाली खाली येत थांबली.

"काय बंद केलं?"

"पंखा."

त्यानं वर पाहिलं. "पंखा तर फिरतोय की."

"दुसरा."

तो उठला. तोंड पुसलं, चादरीवर हात ठेवला. "लई गरम हाय."

"इस्त्री ठेवलीय खाली."

त्यानं चादरीचं टोक उचललं. पडदा काळा होता. त्यात त्याचं त्यालाच तोंड दिसलं असेल. टोक सोडलं, अम्माला म्हणाला, "चटणी चांगली हाय, आजी," आणि गेला.

अक्का खाली बसली, फरशीवरच. तिचे दात वाजत होते, त्या उन्हात.

पुन्हा बटण दाबलं तर सफरचंद येईना. डिस्क तिनं बाहेर काढली, चित्रण शाबूत होतं, पण उघड्या चेहऱ्यांचं. दोन वाजून गेले होते, आणि दुसरं मशीन जुळवून सगळं पहिल्यापासून करायला संध्याकाळही पुरली नसती. मी चिडले. मशीनवर, मुकादमावर, वकिलाच्या सवडीवर. "आता साहेबांना दाखवू काय? माझी पत्रकं?"

"मी सांगते की," अक्का म्हणाली.

"काय सांगणार?"

"त्या काय बोलल्या ते. पाठ झालंय मला. दुसरी मधे खोकते तेसुद्धा."

"अक्का, तिथं मुकादम असणार."

"माहीत आहे."

ती दोनदा मोरीत जाऊन आली. रिक्षात तिनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. सारखं म्हणत होती, "मागं वळू या का गं?" आणि मी रिक्षावाल्याला काही सांगणार तोच, "नको नको, जाऊ दे."

साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्या कारखान्यात कामाला आहात?"

"नाही साहेब."

"मग तुमचा संबंध काय?"

"मी त्यांचे चेहरे झाकते," ती म्हणाली.

मालकाचा वकील हसला. ऐकीव आहे, म्हणाला, हिला काय माहीत. साहेब म्हणाले, बोलू द्या. अक्का बोलू लागली. तिचा आवाज आधी ऐकूच येत नव्हता. पहिली बाई, दुसरी बाई. कुणाचं नाव नाही, गाव नाही, पण धूर कुठल्या मागावरून उठला, कुलूप कुठल्या बाजूला, वॉचमन काय ओरडला, सगळं त्याच शब्दांत. तिसरीपाशी आली तेव्हा मागच्या बाकावरून मुकादम उठला. त्यानं मोबाईल वर धरला आणि तिचा फोटो काढला.

ती थांबली. वळून मोबाईलकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही पळणार. दार तिच्या बाजूलाच होतं.

"तिसरी म्हणाली," ती पुढं बोलू लागली, "शटरला हात लावला तर चटका बसला. म्हणून मी चपलेनं बडवलं."

साहेब त्याच दिवशी दुसऱ्या पाळीला, न कळवता, स्वतः कारखान्यावर गेले. कुलूप बाहेरूनच होतं. आता तिथं मागच्या बाजूला आणखी एक दार आहे, आतून उघडणारं. सहाही बायका कामावर आहेत. कुणाला त्यांची नावं कळलेली नाहीत.

अक्काचं तोंड मात्र सगळ्यांना कळलं. तो फोटो मोबाईलवरून मोबाईलवर फिरला, खाली विचारलेलं, ही बाई कोण, राहते कुठं. गल्लीच्या तोंडाशी अनोळखी माणसं उभी राहू लागली. पोलिसांत आम्ही अर्ज दिला. त्यांनी आधी आम्हालाच विचारलं, तुमच्याकडं त्या मशीनची बिलं आहेत का. थोड्याच दिवसांत ती अम्माला घेऊन सोलापूर सोडून गेली. कुठं, ते मी विचारलं नाही. मला माहीत नसलं तर माझ्याकडून कुणाला कळणार नाही.

तिचा दुसरा फोटो आमच्यापैकी कुणाकडं नाही. मुकादमानं काढलेला तेवढाच आहे. त्यात तिचे ओठ थोडे उघडे आहेत, डोळे भीतीनं मोठे झालेत, आणि ती सरळ बघतेय.