चंद्रप्रभेच्या टोपल्या

चंद्रप्रभेचे कागद तिच्या कॉलेजला हवे होते आणि तिला ते द्यायचे नव्हते. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात ही कटकट चालू होती. तेव्हा आम्ही दोघी सत्तरीला टेकलेल्या, गुडघ्यांनी बेजार. काही ठरवायचं म्हटलं तरी थकवा यायचा.

ती दिल्लीतच मुलींच्या कॉलेजातून बी. ए. झालेली. लग्नानंतर लक्ष्मीबाई नगरात आमची क्वार्टर्स समोरासमोर. आम्ही बाकीच्या बायका नवऱ्यांच्या बढत्यांबद्दल बोलत बसायचो, तेव्हा ही महाराष्ट्रातून नोकरीला आलेल्या मुलींसाठी व्हरांड्यात खाटा टाकत असे. पुढे पहाडगंजला मराठी शाळेच्या मागे दोन मजले भाड्याने घेऊन तिने वसतिगृहच काढलं. टायपिस्ट मुली, नर्सा, सासर सोडून आलेल्या, माहेरी दार बंद झालेल्या. गाद्या, पंखे, नोकऱ्या, सगळं तिने साहेबांच्या बायकांकडून मागून आणलं.

कुणी समाजसेविका म्हटलं की ती वैतागायची. “मी चिकट भिकारीण आहे, बस.”

मग दिवस बदलले. मालकाने त्या इमारतीचं हॉटेल केलं आणि वसतिगृह बंद झालं. मुलगा परीक्षित परदेशी कंपनीत लागला, त्याने गुडगावला फ्लॅट घेतला. चंद्रप्रभेचं मयूर विहारचं राहतं घर आवरायला घेतलं, तेव्हा पलंगाखालून दोन ट्रंका निघाल्या.

“आई, तिथे स्टोअर नाहीये. बिल्कुल जागा नाही,” सून निधी म्हणाली.

एका ट्रंकेत फोटो, पदवी, वसतिगृहाचे नियम. दुसरीत मुलींचे कागद. आल्या दिवशी चंद्रप्रभा प्रत्येकीकडून तिच्याच अक्षरात लिहून घेई, घर का सोडलं ते. घरचे किंवा पोलीस दारात आले तर दाखवायला. ते कागद तिने क्वचितच बाहेर काढले आणि एकही कधी फेकला नाही.

कॉलेजातली मैत्रेयी नावाची तरुण प्राध्यापिका दोनदा येऊन गेली. माजी विद्यार्थिनींचे कागद ग्रंथालयात जपायचे होते.

“आजी, हे सोनं आहे हो!”

“असेल. पण माझं नाही ना ते.”

“आम्ही नावं झाकू.”

“गाव झाकशील, अक्षर झाकशील? त्यातल्या एखादीची लेक आज तुझ्याच वर्गात बसत असेल.”

मैत्रेयी हिरमुसली. सोमवारी टेम्पो घेऊन येते, तोवर विचार करा, म्हणाली.

मला मैत्रेयीचं पटत होतं. मी शाळेत असल्यापासून रोज डायरी लिहिते. कागद टाकायला माझा हात होत नाही. तसं म्हटलं, तर चंद्रप्रभा नुसती बघत राहिली. रद्दीवाल्याला देणं तिला मंजूर नव्हतं; उद्या त्याच कागदात कुणी शेंगदाणे बांधून दिले असते. गच्चीत जाळायला सोसायटीचा चौकीदार देईना.

शेवटी ती म्हणाली, “कुमुद, घरात मेथीदाणे आहेत?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. लक्ष्मीबाई नगरात आम्ही उन्हाळ्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या टोपल्या करत असू. कागद भिजवायचा, मेथी वाटून घालायची, कुटून लगदा करायचा आणि पालथ्या पातेल्यावर थापायचा. मला शाळेत नन्सनी क्रोशे शिकवला होता. टोपली चंद्रप्रभेने शिकवली.

मी ट्रंकेपाशी बसले, तर ती म्हणाली, “तू नको फाडूस. तू वाचशील. तू मेथी वाट.”

निधी हसली. “द्या, मी फाडते. मला तसंही भरभर मराठी वाचता येत नाही.”

तिने बाल्कनीत बसून सगळे फाडले. टबातलं पाणी निळं झालं. दर दिवशी पाणी बदलायचं, म्हणजे बादल्या उचलायच्या. घरभर मेथीचा कडवट वास.

“मूव्हर्सवाले म्हणतील, लाडू बांधताय की सामान?” निधीची बडबड चालू होती.

कुटताना चंद्रप्रभेला धाप लागली. थांबून तिने विचारलं, “तुझ्या डायऱ्यांत माझ्या मुली आहेत ना गं?”

होत्या. वसतिगृहात मी इंग्रजी शिकवायला जात असे, आणि संध्याकाळी घरी येऊन जे ऐकलं ते नावागावासकट लिहीत असे, सुवाच्य.

“तुझ्यामागे कोण वाचणार त्या?”

“माहीत नाही.”

तिने मुसळ माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी डायऱ्यांतून कापलेली पानं पिशवीत घालून नेली. कापताना प्रत्येक पान वाचलं, शेवटचं म्हणून. फार दमले. निधीने तीही टबात टाकली. माझी शाई चांगल्यातली, लवकर सुटेना.

सोमवारी मैत्रेयी आली. पदवी, फोटो आणि नियमांची ट्रंक तिला मिळाली. बाल्कनीत पातेल्यांवर करड्या टोपल्या वाळत होत्या. तिने टबाकडे पाहिलं, मग आमच्या हातांकडे.

“सगळे?”

“सगळे,” चंद्रप्रभा म्हणाली. “चहा घेतेस?”

तिने उभ्यानेच घेतला. तिचा राग मला समजत होता.

पुढच्या हिवाळ्यात चंद्रप्रभा गुडगावलाच वारली. कॉलेजने तिच्यावर चार ओळी मागितल्या. हे त्यासाठी लिहिलं. यात एकाही मुलीचं नाव नाही. एक टोपली माझ्याकडे आहे, तिच्यात लसूण ठेवते. डायऱ्या कपाटात आहेत, पानं कापल्यामुळे सैल झालेल्या, उभ्या ठेवल्या की कलतात. नीट लावायचा आता कंटाळा येतो.