दुसऱ्याने भरलेली काडतुसं

गेल्या शनिवारी मागच्या खोलीतलं विलासचं टेबल काढायला घेतलं. इथे ऑस्ट्रेलियात, डार्विन शहराच्या कडेला, बसच्या शेवटच्या स्टॉपजवळ आमचं घर. ही एसीची खोली चौदा महिने बंद होती...

आत्ताच का, तर युनिव्हर्सिटी सुरू झालीय आणि आपल्या मराठी ग्रुपवर रोज तोच मेसेज, 'कुणाकडे रूम आहे का?' एकेका खोलीत चार-चार मुली झोपतायत. नाशिकच्या एकीने मला फोन केला, "काकू, गॅरेज असलं तरी चालेल, फक्त पंखा हवा." एसीची खोली कुलपात ठेवून तिला नाही म्हणताना मला लाज वाटली.

विलासला जे ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. माझा नवरा इथे शिकायला आला आणि राहिला. पुढे मोठमोठ्या कॅटल स्टेशनांवर, म्हणजे गुरं पाळायच्या अफाट रानांवर, रानडुकरं मारायची कंत्राटं घेऊ लागला. त्या कामासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल लागते, तिचं कडक लायसन्स त्याच्याकडे होतं.

काडतुसं तो घरीच भरायचा. वापरलेली पुंगळी साफ करून, मापात बसवून, पुन्हा मोजून पावडर आणि वर गोळी. एसी आमच्यासाठी नव्हताच, पावडरीला दमट हवा चालत नाही म्हणून होता. पावसाळ्यात आम्ही हॉलमध्ये घामाघूम, आणि पावडर गारव्यात!

मी चिडवायचे, "देवापुढे कधी पाच मिनिटं बसला नाहीस, इथे मात्र तासन् तास." तो म्हणायचा, "देव चूक पोटात घालतो गं. हे काडतूस घालत नाही." दार लावलेलं असलं की हाक मारायची नाही, हा घरातला एकच नियम.

गेल्या वर्षी एका स्टेशनवर रायफल त्याच्या हातातच फुटली, अगदी चेहऱ्याजवळ. हेलिकॉप्टरने हॉस्पिटलपर्यंत आणला... तिथून घरी नाही आला. चौकशीच्या कागदावर लिहिलं, घरी भरलेल्या काडतुसातला दोष. फाइल बंद झाली.

कुणालाच माहीत नव्हतं ते असं, की त्याच्या तीन दिवस आधी मी ते दार उघडलं होतं. साताऱ्याहून दिरांचा फोन होता, लग्नाची तारीख विचारायला. अगदी थांबण्यासारखं काम. विलासचा हात तराजूवर थांबला. "गेली माझी मोजणी," एवढंच म्हणाला आणि फोन घेतला.

नंतर त्याने सगळं पहिल्यापासून मोजलं, की अंदाजाने पुढे गेला? मी विचारलं नाही. आणि मग विचारायला तो राहिला नाही.

माझं शिक्षण दहावी. पण काडतुसं भरायचं त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी घेऊन तीनदा वाचलं. एकात दोनदा पावडर पडली तर रायफल फुटू शकते, असं त्यात आहे. मला तेवढं पुरलं. चौदा महिने मी धरून चालले होते की त्याला मी मारलं...

तर शनिवारी टेबल उचलायला डॅरिल आला. नाव बदललंय, त्याला विचारूनच लिहितेय. विलासचा कामातला जोडीदार, त्या दिवशीही बरोबर होता. स्क्रू काढता काढता म्हणाला, "राहू दे ना सू, एवढी काय घाई?" मला तो सू म्हणतो. मग माझ्या तोंडून ते गेलं. फोन, तराजू, सगळं. पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

त्याने पाना खाली ठेवला आणि जमिनीवरच बसला. "नो, सू. नो. इट वॉझन्ट हिज." मला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "आय गेव्ह हिम माइन."

त्या दुपारी विलासची काडतुसं संपली होती आणि डुकरं अजून समोर होती. डॅरिलने आपली डझनभर दिली. काडतुसाचा नंबर तोच. पण डॅरिलची रायफल हाताने बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, ढकलून बंद करायची, आणि त्याची काडतुसं तिच्याच मापाला बसवलेली. विलासच्या सेमी-ऑटोचा बोल्ट स्वतःच धाडकन पुढे येतो. काडतूस पुरतं आत बसलं नाही आणि तेवढ्यात उडालं, तर... तो समजावून सांगायला लागला. मी म्हटलं, "माहितीये मला. वाचलंय."

दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, हे त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. दोघांनाही पाठ होतं. एक 'नो वरीज, मेट' म्हणाला, दुसऱ्याने घेतली.

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"घरी भरलेली का, एवढंच विचारलं. हो म्हटलं. कुणाच्या घरी, ते कुणी विचारलं नाही."

मी त्याला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. ओरडलेही नाही. म्हटलं, "सोमवारी नऊला तुझ्या दारात येते. माझ्या गाडीत बसायचं."

सोमवारी तो बसला. पोलीस स्टेशनसमोर त्याने विचारलं, "तू येतेस आत?" म्हटलं, "नाही. आतलं तुझं तू."

दीड तास तो आत होता. त्याचं लायसन्स जाईल, कदाचित आणखीही काही होईल. मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्याला घरी सोडलं.

त्या दीड तासात मी गाडीत बसून रडले. रडणं मला नवीन नाही, पण आजवर दर वेळी विलासच्या आधी माझी चूक समोर येऊन उभी राहायची. सोमवारी ती आली नाही... नुसता तो गेला म्हणून रडता आलं. डॅरिलने मला एवढं दिलं, ते मी नाकारणार नाही.